थांबणे आणि पुन्हा निघणे

पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे हे तीन प्रकार एकापाठोपाठ एक पूर्ण करण्याच्या स्पर्धेला ट्रायथलॉन म्हणतात. २००० सालच्या सिडनी ऑलिम्पिकपासून हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आहे. तेथील अंतर दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असे असते. नवशिक्यांसाठी याच्या निम्म्या अंतराच्या स्पर्धा होतात. सर्वांत खडतर मानला जाणारा प्रकार ‘आयर्नमॅन’ या नावाने ओळखला जातो. त्यात ३.८ किलोमीटर पोहून, १८० किलोमीटर सायकल चालवून, वर ४२.२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन धावावी लागते आणि हे सारे साधारणपणे १७ तासांच्या आत आटोपावे लागते. या स्पर्धेचे निम्मे रूप २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर प्रथम भरले. तेव्हापासून महाराष्ट्रातील हौशी मंडळींना ही वाट जवळची वाटू लागली.

ज्येष्ठ वाचक विचारतील की, आमचा याच्याशी काय संबंध? संबंध दुहेरी आहे. एक तर अशी तयारी करणारा मुलगा, सून वा जावई आता आपल्याच घरात असू शकतो. आणि दुसरे असे की, या खेळाने वयाविषयी, श्रद्धेविषयी आणि अडचणींविषयी जे शिकविले आहे, ते गुडघ्यांची काळजी घेत अंगणात चार फेऱ्या मारणाऱ्यालाही तितकेच उपयोगी आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात राहून असा सराव करणे म्हणजे काय, याची कल्पना येथील रहिवाशांना सांगायला नको. बदलापूरहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ६८ किलोमीटर. नोकरदाराचे दिवसातले तीन-चार तास लोकलमध्येच जातात. सायकल चालवायची ती वाहनांची वर्दळ सुरू होण्यापूर्वी, पहाटेच्या अंधारात. पोहायचे ते तरणतलावाच्या ठरावीक वेळेत. उशाशी उल्हास आणि वालधुनी या दोन नद्या असल्या, तरी एकीचा पावसाळी पूर आणि दुसरीचे प्रदूषण सर्वांना ठाऊक आहे. घरी आजारी आई असते, मुलांच्या परीक्षा असतात. आणि कुटुंब ख्रिस्ती असेल, तर रविवारचा प्रश्न असतो. लांब सराव करायला सवड मिळते ती रविवारी, स्पर्धाही बहुधा रविवारी, आणि मिस्सा वा उपासनाही रविवारीच.

अशा माणसाच्या मनावर दोन प्रकारचे ओझे साचते. सराव चुकला की शरीराचा अपराध केल्यासारखे वाटते. प्रार्थना चुकली की देवाचा. आजच्या लेखात या दुहेरी ओझ्याविषयी बोलायचे आहे, कारण हेच ओझे वेगळ्या वेषात ज्येष्ठांच्या आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांच्या मनावरही असते.

प्रथम एका जोगिणीची ओळख करून घेऊ. सिस्टर मॅडोना ब्यूडर यांचा जन्म १९३० साली अमेरिकेतील सेंट लुइस येथे झाला. तारुण्यातच त्यांनी संन्यस्त जीवन पत्करले. धावायला आरंभ केला तो वयाच्या ४८ व्या वर्षी, आणि तोही एका धर्मगुरूंच्या सूचनेवरून. धावण्याने मन, शरीर आणि आत्मा यांचा मेळ बसतो, असे त्या धर्मगुरूंचे म्हणणे होते. ५२ व्या वर्षी त्यांनी पहिली ट्रायथलॉन केली आणि ५५ व्या वर्षी पहिली आयर्नमॅन. पुढे त्यांच्या वयाच्या स्त्रियांसाठी स्पर्धेत गटच नसायचा. त्या उतरल्या म्हणून आयोजकांना नवे वयोगट उघडावे लागले. २०१२ साली, ८२ व्या वर्षी, त्यांनी कॅनडातील आयर्नमॅन वेळेत पूर्ण केली. जग त्यांना ‘आयर्न नन’ या नावाने ओळखते. त्यांचे आत्मकथन २०१० मध्ये ‘द ग्रेस टू रेस’ या नावाने प्रसिद्ध झाले.

ही झाली विक्रमांची बाजू. दुसरी बाजू अशी की, या वाटचालीत त्यांची हाडे अनेकदा मोडली. सायकलवरून पडणे झाले, महिनोन्‌महिने थांबणे झाले. ऐंशी ओलांडल्यावर वेळेच्या मर्यादेत स्पर्धा पूर्ण न होण्याचा अनुभवही त्यांनी घेतला, आणि ८२ व्या वर्षीचे यश त्यानंतरचे आहे. त्यांच्या आत्मकथनाच्या नावातील ‘ग्रेस’ या शब्दाला मराठी ख्रिस्ती परंपरेत ‘कृपा’ म्हणतात. कृपा कमवायची नसते; ती मिळालेली असते. ही कल्पना समजली की, सरावाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. व्यायाम ही देवाकडे किंवा डॉक्टरांकडे जमा करायची पुण्याई राहत नाही. तो मिळालेल्या देहाची राखण होते. राखण करणारा एखादे दिवशी आजारी पडला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा आपल्या कामावर येतो. झालेल्या खाड्याचा हिशोब मांडत बसत नाही.

बायबलमध्ये धावण्याचा दृष्टान्त येतो, तोही अगदी सहजपणे. संत पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात शर्यतीत धावणाऱ्यांचे आणि त्यांच्या संयमाचे उदाहरण दिले आहे. करिंथजवळच दर दोन वर्षांनी इस्थमियन क्रीडास्पर्धा भरत आणि विजेत्याला मिळणारा मुकुट पानांचा, म्हणजे सुकून जाणारा असे. म्हणून ते उदाहरण त्या वाचकांना लगेच भिडणारे होते. त्याच पत्रात शरीराला मंदिराची उपमा दिलेली आहे. मात्र तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात शारीरिक कसरतीचा लाभ मर्यादित असल्याचेही म्हटले आहे. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या की तोल कळतो: देहाची हेळसांड नको आणि देहाची पूजाही नको.

आता रविवारच्या प्रश्नाकडे वळू. एरिक लिडेल या स्कॉटिश धावपटूची कथा अनेकांना ठाऊक असेल. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी आल्या, म्हणून त्याने ती शर्यत सोडली आणि ४०० मीटर धावून ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक मिळविले. या कथेचा उत्तरार्ध क्वचितच सांगितला जातो. लिडेल पुढे धर्मसेवक म्हणून चीनमध्ये गेला. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्याला वेइश्येनच्या नजरकैदेच्या छावणीत ठेवले आणि तेथेच फेब्रुवारी १९४५ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, मेंदूतील गाठीने त्याचे निधन झाले. त्या छावणीत तो मुलांसाठी खेळ भरवीत असे. रविवारी खेळ नाही, हा त्याचा नियम तेथेही होता. परंतु देखरेखीविना खेळताना मुलांची भांडणे होऊ लागली, तेव्हा रविवारीही त्यांच्या सामन्याचा पंच म्हणून तो उभा राहिला. स्वतःच्या पदकासाठी न मोडलेला नियम त्याने मुलांसाठी शिथिल केला. विश्रांतीचा दिवस माणसासाठी आहे, माणूस त्या दिवसासाठी नाही, ही येशूची शिकवण याहून स्पष्ट करून सांगता येणार नाही.

व्यवहारातही वाट निघते. कॅथलिक धर्मनियमांनुसार शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेत सहभागी झाल्यानेही रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत उपासनेची वेळ मंडळीप्रमाणे बदलते. आपल्या पाळकांशी बोलून ठरविता येते. मात्र याहून साधा उपाय असा की, वर्षातल्या एक-दोन स्पर्धा वगळता रविवार हाच विश्रांतीचा दिवस ठेवावा आणि लांब सराव शनिवारी करावा. यात श्रद्धेचा जितका लाभ आहे, तितकाच शरीराचाही. व्यायामाने स्नायूंवर ताण पडतो. ते बळकट होतात ते नंतरच्या विश्रांतीत, झोपेत आणि अन्नातून. सात दिवसांत एक दिवस थांबण्याची आज्ञा प्रशिक्षकांच्या वेळापत्रकांहून फार जुनी आहे. ज्येष्ठांनी तर ती अवश्य पाळावी. मात्र त्या दिवशीही दिवसभर पडून राहू नये. चर्चला, मंदिराला किंवा शेजाऱ्यांकडे सावकाश चालत जावे.

उपवासाविषयीही थोडे स्पष्ट सांगायला हवे. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी कॅथलिक चर्च उपवासाची अपेक्षा करते. परंतु हे बंधन १८ वर्षांपासून ५९ वर्षे पूर्ण होईपर्यंतच आहे. मांस वर्ज्य करण्याचा नियम वेगळा असून तो १४ वर्षे पूर्ण झाल्यापासून लागू होतो. कम्युनियनपूर्वी एक तास काही न खाण्याचा जो नियम आहे, त्यातूनही वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना सूट दिलेली आहे. शुश्रूषा करणाऱ्यांचा असा स्वतंत्र उल्लेख धर्मनियमात असावा, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. तेव्हा मधुमेहाची औषधे वा इन्सुलिन घेणाऱ्या आजीआजोबांनी ‘धर्म म्हणतो’ म्हणून उपाशी राहू नये. त्यांच्यावर धर्माने ती सक्ती केलेलीच नाही. रिकाम्या पोटी औषध घेऊन चालायला गेल्यास साखर एकाएकी उतरू शकते. घाम फुटणे, हातपाय थरथरणे, गोंधळल्यासारखे वाटणे ही तिची लक्षणे होत. मधुमेही व्यक्तीने, उपवास असो वा नसो, खिशात साखर वा ग्लुकोज ठेवल्याशिवाय फिरायला निघू नये.

आता अडचणींविषयी. आपल्या भागात जून ते सप्टेंबर हा खंडाचा काळ. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले होते. २६ जुलै २००५ तर कोणीच विसरलेले नाही. अशा दिवसांत सायकल बाहेर काढण्यात शौर्य नाही. साचलेल्या पाण्यातून चालावे लागल्यास घरी येताच पाय साबणाने धुवून कोरडे करावेत. पायाला जखम असेल आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल होणे असे काही दिसले, तर पाण्यातून चालल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे; लेप्टोस्पायरोसिसचा संशय त्यावरूनच येतो. प्रतिबंधक औषध स्वतःच्या मनाने घेऊ नये.

पावसाळा संपतो, पण काही खंड लांबतात. पडणे, शस्त्रक्रिया, जोडीदाराचे आजारपण, कोणाचा तरी मृत्यू. अशा वेळी मनाने माणूस कसा कोसळतो, याचे एक विलक्षण चित्र बायबलच्या ‘१ राजे’ या पुस्तकात आहे. एलीया हा संदेष्टा राजाच्या रथापुढे धावत इज्रेलपर्यंत गेला, असे अठराव्या अध्यायात सांगितले आहे. लगेच पुढच्या अध्यायात हाच धावणारा माणूस जिवाच्या भीतीने पळून रानात जातो, एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. तेथे आलेला देवदूत त्याला उपदेश करीत नाही, रागावतही नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे त्याच्या उशाशी असते. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा त्याला उठवून खाऊ घालतो. त्यानंतरच तो चाळीस दिवसांच्या वाटेला लागतो. खचलेल्या माणसाला प्रथम झोप, अन्न आणि पाणी, उपदेश नंतर. आजाऱ्याची रात्रंदिवस सेवा करणाऱ्याने हा क्रम स्वतःलाही लावावा. मनाची उमेद हरपल्यासारखी वाटली, तर आपली श्रद्धा उणी पडली असे समजण्यापूर्वी गेल्या आठवड्यात किती झोप मिळाली, जेवण वेळेवर झाले का, हे पाहावे. पुरेशी झोप आणि अन्न मिळूनही दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी राहिली, तर डॉक्टरांना भेटावे. आणि मरणाचे विचार मनात येत असतील, तर एक दिवसही थांबू नये. घरच्यांना सांगावे आणि लगेच डॉक्टरांकडे जावे.

शुश्रूषेतूनही आरोग्याची वाट निघते, याचे उदाहरण जपानमधील हिरोमु इनादा यांचे आहे. पत्रकारितेतून निवृत्त होऊन ते आजारी पत्नीची काळजी घेऊ लागले आणि त्याच काळात, साठीत, पोहायला लागले. सत्तरीच्या सुमारास ते ट्रायथलॉनकडे वळले. २०१५ मध्ये हवाईतील आयर्नमॅन जागतिक स्पर्धेत अवघ्या काही सेकंदांनी त्यांची वेळ हुकली. त्याच स्पर्धेत २०१८ मध्ये, ८५ व्या वर्षी, त्यांनी अंतिम रेषा वेळेत ओलांडली. काही सेकंदांच्या त्या हुकण्यानंतर तीन वर्षे सराव करणे, हे पदकापेक्षा मोठे म्हणावे लागेल.

पुन्हा निघताना मात्र घाई करू नये. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील जवळजवळ एक किलो स्नायू घटल्याचे आढळले. दहा दिवसांच्या आजारपणानंतर पाय लटपटतात, त्यामागे हे कारण आहे. म्हणून खंडानंतरचा आरंभ पूर्वीच्या निम्म्याने, किंवा त्याहूनही कमी करावा आणि दर आठवड्याला थोडे थोडे वाढवावे. ताप पूर्ण उतरून अशक्तपणा जाईपर्यंत व्यायाम करू नये. शस्त्रक्रिया वा हृदयविकारानंतर डॉक्टरांच्या परवानगीनेच सुरुवात करावी. चालताना धाप न लागता पूर्ण वाक्य बोलता आले, तर वेग योग्य आहे असे समजावे. रक्तदाबावरील काही गोळ्या, विशेषतः बीटा-ब्लॉकर गटातील, नाडीचा वेग वाढू देत नाहीत. तेव्हा मनगटावरच्या घड्याळातील आकड्यांपेक्षा ही बोलण्याची कसोटी अधिक भरवशाची. छातीत दडपण, चक्कर किंवा नेहमीपेक्षा निराळी धाप जाणवली, तर तत्काळ थांबावे. थांबूनही त्रास गेला नाही, तर विलंब न करता रुग्णालय गाठावे.

जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, दोन दिवस स्नायूंच्या बळकटीसाठी आणि तीन दिवस तोल सांभाळण्यासाठी व्यायाम सुचविते. ट्रायथलॉनप्रमाणे हेही तीन प्रकारच झाले, आणि त्यांना ना नदी लागते ना सायकल. पहिला प्रकार चालणे: दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले तरी चालतात. दुसरा, भिंतीला टेकलेल्या भक्कम खुर्चीवरून, शक्य तर हातांचा आधार न घेता, सावकाश उठणे आणि बसणे: पाच वेळांपासून आरंभ करावा. तिसरा, स्वयंपाकघरातील ओट्याला धरून एका पायावर दहा सेकंद उभे राहणे. शेजारी कोणी तरी असावे. जिना उतरताना गुडघ्यांवर चढण्यापेक्षा अधिक ताण येतो. अंबरनाथच्या सन १०६० मधील शिवमंदिरात गाभाऱ्याच्या पायऱ्या खाली उतरतात, हे तेथे गेलेल्या ज्येष्ठांना चांगलेच आठवत असेल. उतरताना कठडा वा सोबत्याचा हात धरावा, आणि दुखरा पाय आधी खाली टाकावा.

घरातील तरुण ट्रायथलॉनची तयारी करीत असेल, तर त्याला दोन गोष्टी सांगाव्यात. पहाटे सायकलला पुढे-मागे दिवा लावल्याविना आणि डोक्यावर हेल्मेट चढविल्याविना बाहेर पडू नये. आणि शुश्रूषेचा घरातला वाटा सरावाच्या वेळापत्रकातच लिहून ठेवावा, म्हणजे तो ओढून घेतलेल्या वेळासारखा वाटणार नाही. सिस्टर मॅडोना यांच्या सरावाचा बराचसा भाग चर्चला धावत जाण्यात आणि तलावापर्यंत सायकलने जाण्यात होत असे. आजोबांचे औषध आणायला पायी जाणे हाही सरावच आहे.

उल्हासनगरकरांना पुन्हा आरंभ करणे शिकवावे लागत नाही. फाळणीनंतर सर्व मागे टाकून आलेल्या सिंधी कुटुंबांनी कल्याणच्या लष्करी छावणीत संसार उभे केले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीला नवे नाव मिळाले. ज्या शहराचा जन्मच असा झाला, तेथील माणसाने आठवडाभराच्या खंडाने खचून जाण्याचे कारण नाही.

तेव्हा या पंधरवड्यात एवढेच करावे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत चुकलेल्या दिवसांवर फुली मारू नये. ज्या दिवशी थांबलेले पाऊल पुन्हा उचलले, मग ते चालणे असो, प्रार्थना असो वा औषधाची वेळ, त्या तारखेभोवती एक गोल काढावा. महिनाअखेरीस असे दोन गोल दिसले, तरी समाधान मानावे. ते दोन्ही दिवस पुन्हा निघण्याचे होते.